चीनची सीमाकविता: देशप्रेम, युद्ध आणि प्रतिमा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सीमाकविता म्हणजे नेमकी कोणती कविता?

चिनी भाषेत तिला 'प्येनसाय' कविता म्हणतात. 'प्येन' म्हणजे कड, सरहद्द. 'साय' म्हणजे नाकं, तटबंदीचं ठाणं. राजधानीपासून महिनोन्महिने दूर असलेल्या ठाण्यांवरचे शिपाई, तिथला वारा, वाळू, बर्फ, आणि घरी वाट पाहणारी माणसं हा तिचा विषय. थांग राजवटीत (६१८ ते ९०७) ती ऐन भरात आली, त्यातही सम्राट श्वानत्सुंगच्या काळात, म्हणजे ७१२ ते ७५६ या वर्षांत. वांग छांगलिंग, गाओ शि, त्सेन शेन, वांग जिहुआन ही तिची मोठी नावं. ली पो आणि तू फू या दोघांनीही या विषयावर जे लिहिलं, ते वगळून तिच्याबद्दल बोलता येत नाही.

मुळं मात्र फार जुनी आहेत. चीनच्या सर्वांत प्राचीन काव्यसंग्रहात मोहिमेवरून परतणारा एक शिपाई म्हणतो: निघालो तेव्हा विलोच्या फांद्या हळुवार झुलत होत्या, आज परततोय तर बर्फ भुरभुरतंय. विलो म्हणजे आपल्याकडच्या वाळुंजाच्या जातीचं झाड. ते पुढे पुन्हा येणार आहे.

ही सीमा होती तरी कुठे?

एक नव्हे, अनेक. कवितेत सर्वांत जास्त दिसते ती वायव्य सीमा: आजच्या गान्सू प्रांतातून दुनहुआंगकडे आणि तिथून शिनच्यांगच्या वाळवंटात जाणारी वाट. दुनहुआंगच्या वायव्येला युमेन हे नाकं होतं. 'यु' म्हणजे जेडचा दगड, 'मेन' म्हणजे दार. त्याचे मातीचे अवशेष अजून उभे आहेत आणि २०१४ पासून ते रेशीम मार्गाच्या जागतिक वारशाचा भाग आहेत. पश्चिमेला छिंगहाय सरोवराच्या आसपास तिबेटी साम्राज्याशी झुंज चाले. ईशान्येला आजच्या बीजिंगच्या बाजूला खितान आणि शी टोळ्यांशी, तर दक्षिणेला युन्नानमधल्या नानचाओ राज्याशी.

हे कवी स्वतः युद्धावर गेले होते का?

काही गेले होते. त्सेन शेन ७४९ मध्ये अन्शीच्या लष्करी मुख्यालयात, आजच्या कुचा भागात, कारकुनी कामावर रुजू झाला. ७५४ मध्ये तो पुन्हा पश्चिमेला गेला. गाओ शि हा सेनापती कशु हानच्या छावणीत लेखनिक होता आणि पुढे मोठ्या पदांवर चढला. वांग वेई ७३७ मध्ये सम्राटाचा दूत म्हणून आजच्या गान्सूतल्या ल्यांगचौला गेला आणि त्या प्रवासात त्याने लिहिलेली ओळ आजही चिनी माणसाच्या तोंडी असते: अफाट वाळवंटात धुराची एकच सरळ रेघ, लांबलचक नदीवर मावळता गोल सूर्य. ली पो आणि तू फू मात्र या ठाण्यांवर शिपाई नव्हते.

न जाताही चांगली कविता लिहिता येते, हे या परंपरेने अनेकदा दाखवलं आहे. तरी त्सेन शेन वाचताना फरक कळतो. छावणीत शत्रूला पाठवायचा खलिता लिहायला बसलं की दौतीतली शाई गोठते. लाल निशाण बर्फाने इतकं कडक होतं की वारा ओढतो तरी फडकत नाही. घोड्यांच्या अंगावरचा घाम वाफ होता होता पुन्हा बर्फ होतो. अशा गोष्टी घरबसल्या सहज सुचत नाहीत.

या कवितांना देशभक्तीपर म्हणायचं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. माझं उत्तर 'हो' आहे, पण त्या शब्दाचा आजचा अर्थ आधी बाजूला ठेवावा लागतो.

झेंडा, नकाशा आणि राष्ट्र यांच्याशी बांधलेली देशभक्ती थांगच्या शिपायाला ठाऊक नव्हती. त्याच्याकडे होता तो 'पाओ-क्वो' हा शब्द: राज्याचं ऋण फेडणं. ऋण म्हटलं की देणारा आला आणि घेणारा आला. शिपाई आपली बाजू पाळतो. मग दरबार आणि सेनापती त्यांची पाळतात का? थांगची उत्तम सीमाकविता हाच प्रश्न विचारते, म्हणून तिच्यात निष्ठा आणि तक्रार एकाच ओळीत नांदतात.

वांग छांगलिंगची चार ओळींची कविता घ्या. आशय असा:

*छिन काळचा चंद्र, हान काळचं नाकं;*
*दहा हजार ली चालून गेलेले अजून परतले नाहीत.*
*लुंगछंगचा तो उडता सेनापती आज असता, तर*
*परक्यांचे घोडे यिनशान ओलांडून आले नसते.*

छिन आणि हान या थांगच्या कित्येक शतकं आधीच्या राजवटी. यिनशान ही उत्तरेची डोंगररांग. एक ली म्हणजे साधारण अर्धा किलोमीटर. पहिल्या ओळीचा अर्थ असा की छिनपासून हानपर्यंत आणि हानपासून आजपर्यंत तोच चंद्र, तेच नाकं. माणसं तेवढी जातात आणि येत नाहीत. जवळजवळ हजार वर्षं सात अक्षरांत बसवली आहेत. शेवटच्या दोन ओळी शाळेत बाणेदारपणे म्हणून घेतात, आणि त्या बाणेदार आहेतही. पण 'असता तर' हे शब्द सोडून चालणार नाही. तो सेनापती आज नाही, असंच कवी म्हणतो आहे.

तो उडता सेनापती म्हणजे हान काळातला ली क्वांग. सैन्याला पाणी सापडलं की सगळे शिपाई पिईपर्यंत तो पाण्याजवळ जात नसे, सगळे जेवेपर्यंत जेवत नसे, असं इतिहासकार स्स-मा छ्येनने नोंदवलं आहे. आयुष्यभर लढूनही त्याला सरदारकी मिळाली नाही आणि इसवी सनपूर्व ११९ मध्ये, मोहिमेत वाट चुकून उशिरा पोचल्यावर चौकशीला तोंड देण्याऐवजी, त्याने स्वतःच्या गळ्यावर शस्त्र चालवलं. पुढच्या कवींनी आपला आदर्श म्हणून निवडला तो हा माणूस. या परंपरेला देशप्रेम कसं कळलं होतं, हे त्या निवडीवरून मला सर्वांत स्पष्ट दिसतं: ज्याने शिपायाला आधी पाणी दिलं, त्याच्या बाजूने ती उभी आहे.

मग त्या युद्धविरोधी कविता आहेत का?

काही सरळसरळ आहेत. तू फूची 'लढाऊ गाड्यांचं गाणं' ही कविता ७५० च्या सुमाराची. गाड्या खडखडतात, घोडे खिंकाळतात, आईबाप आणि बायकापोरं धावत शिपायांचे कपडे ओढून धरतात, धुळीत पूल दिसेनासा होतो. वाटेवरचा एक शिपाई सांगतो: कोणी पंधराव्या वर्षी उत्तरेला नदीच्या पहाऱ्यावर गेला, चाळिशीत त्यालाच पश्चिमेच्या लष्करी शेतीवर धाडलं. पहिल्यांदा निघताना गावच्या मुखियाने त्याच्या डोक्याला फडकं बांधून दिलं होतं. परत आला तेव्हा केस पांढरे, आणि पुन्हा सरहद्दीचा हुकूम. मुलगा होण्यापेक्षा मुलगी झालेली बरी, ती निदान शेजारी नांदायला जाईल; मुलगा गवताखाली पुरला जातो. मुलाच्या जन्माला सर्वस्व मानणाऱ्या समाजात हे वाक्य किती जड असेल याचा विचार करा. कविता संपते ती छिंगहायच्या काठी, कोणी न उचललेल्या पांढऱ्या हाडांपाशी, जिथे नवी भुतं गाऱ्हाणं सांगतात आणि जुनी रडतात.

बाय जुयीने ८०९ मध्ये लिहिलेल्या कवितांमध्ये शिनफंगचा एक अठ्ठ्याऐंशी वर्षांचा म्हातारा भेटतो. युन्नानच्या मोहिमेसाठी नावं काढली जात होती, तेव्हा चोविसाव्या वर्षी त्याने मध्यरात्री गुपचूप मोठा दगड घेऊन स्वतःचा हात मोडून टाकला. पावसावाऱ्याच्या थंड रात्री अजून तो हात उजाडेपर्यंत झोपू देत नाही. तरी पश्चात्ताप नाही, म्हणतो, कारण नाहीतर माझी हाडं परमुलखात तशीच पडून राहिली असती.

पण बहुतेक सीमाकविता अशा एका बाजूला झुकत नाहीत. तू फूनेच दुसरीकडे लिहिलं आहे: माणसाला मारायचं तर आधी त्याचा घोडा मारा, चोरांना धरायचं तर आधी म्होरक्या धरा, आक्रमण थोपवता आलं तर पुरे, जास्त माणसं मारण्यात काय आहे? संरक्षण हवं, विस्तार नको. दरबारात बसलेल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याने हे लिहिलं.

युद्धाच्या या कवितांत प्रत्यक्ष लढाई का दिसत नाही?

खरंच दिसत नाही, आणि नव्या वाचकाला याचं नवल वाटतं. आपण पोवाड्यावर वाढलेले. तिथे तलवार चालते, नावं घेतली जातात, कोथळा बाहेर येतो. चिनी कवी लढाईच्या आधी किंवा नंतर येतो.

वांग छांगलिंगच्या एका कवितेत वाळवंटात धुळीने दिवस काळवंडतो, लाल निशाण अर्धवट गुंडाळून कुमक छावणीबाहेर पडते, आणि तेवढ्यात बातमी येते की आघाडीच्या तुकडीने रात्री थाओ नदीच्या उत्तरेला लढून शत्रूच्या प्रमुखाला जिवंत पकडलंही. कविता संपली. लू लुनची त्याहून लहान: काळोखी रात्र, रानबदकं उंच उडतात, शत्रूचा राजा अंधारात पळतो आहे, हलकं घोडदळ पाठलागाला निघणार, तोच धनुष्यांवर आणि तलवारींवर बर्फ साचलेलं. पाठलाग झाला की नाही, हे कळत नाही.

याचं एक कारण छंदात आहे. चार ओळी, ओळीला पाच किंवा सात अक्षरं. वीस किंवा अठ्ठावीस अक्षरांत लढाई मावत नाही, तिच्या कडेचा एक क्षण मावतो. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं: अतिशयोक्ती करायला इथे निसर्ग पुरतो. त्सेन शेनच्या एका कवितेत रात्री वारा गर्जतो आणि घमेल्याएवढे दगड जमिनीवर सैरावैरा धावतात. यापुढे शत्रूचं वर्णन करायची गरज उरत नाही.

चंद्र, बासरी, विलो, बर्फ: या प्रतिमा पुन्हा पुन्हा का येतात?

चंद्र येतो कारण ठाण्यावरून आणि घरातून एकाच वेळी दिसणारी ती एकच वस्तू आहे.

बासरी छ्यांग लोकांची, म्हणजे परमुलखातली. तिच्यावर वाजणारी एक धून 'विलो मोडताना' या नावाची. निरोप देताना विलोची फांदी मोडून हातात द्यायची पद्धत होती, कारण चिनीत विलोला म्हणतात 'ल्यू' आणि 'थांब, राहा' यासाठीही शब्द 'ल्यू'च. हे माहीत असलं की वांग जिहुआनची कविता उघडते. पीत नदी वर वर चढत पांढऱ्या ढगांत जाते, हजारो हात उंच डोंगरांत एकटं ठाणं. मग तो म्हणतो, छ्यांग बासरीने विलोसाठी कशाला रडावं, वसंताचा वारा युमेनच्या पलीकडे येतच नाही. जिथे विलोला पालवीच नाही, तिथे निरोपाला मोडायची फांदी कुठून आणणार? नंतरच्या टीकाकारांनी या वाऱ्यात सम्राटाची कृपा पाहिली: तीही युमेनपलीकडे पोचत नाही. वांग जिहुआनच्या अवघ्या सहा कविता आज उरल्या आहेत. ही एक उरली नसती तर केवढं नुकसान झालं असतं, असं मला नेहमी वाटतं.

आणि बर्फ. त्सेन शेन आठव्या चांद्रमासातच पडलेल्या बर्फाबद्दल म्हणतो: जणू एका रात्रीत वसंताचा वारा आला आणि हजारो झाडांवर नासपतीची फुलं फुलली. एकाने युमेनपलीकडे वसंत नाही म्हटलं, दुसऱ्याने त्याच थंडीत वसंत पाहिला. त्याच कवितेचा शेवट असा: राजधानीला परतणारा मित्र डोंगराच्या वळणाआड जातो, आणि बर्फावर फक्त त्याच्या घोड्याच्या खुणा राहतात.

थांगचे कवी सारखे हान काळाबद्दल का बोलतात? लौलान हे काय प्रकरण आहे?

राज्य करणाऱ्या सम्राटावर थेट बोट ठेवणं धोक्याचं होतं. म्हणून 'थांग'ऐवजी 'हान' म्हणायचं, श्वानत्सुंगऐवजी हानचा 'सम्राट वू' म्हणायचं. ऐकणाऱ्याला बरोबर कळे.

लौलान हे वाळवंटातलं छोटं राज्य. इसवी सनपूर्व ७७ मध्ये हानच्या दूताने तिथल्या राजाला ठार केलं होतं. थांग काळापर्यंत ते शहर ओसाडही पडलं होतं. तरी वांग छांगलिंगचा शिपाई म्हणतो: पिवळ्या वाळूतल्या शंभर लढायांनी चिलखत झिजून भोकं पडली, लौलान फोडल्याशिवाय परतणार नाही. बहुतेकजण ही प्रतिज्ञा म्हणून वाचतात. चिनी टीकाकारांनी दुसरंही वाचन केलं आहे: लौलान पडत नाही तोवर घरी जाणं नाही, म्हणजे कधीच नाही. चिनी वाक्यात दोन्ही अर्थ बसतात. अनुवादात एक निवडावा लागतो, आणि तिथेच निम्मी कविता हातची जाते.

'रणांगणात नशेत पडलो तर हसू नका' ही ओळ आनंदाची की दुःखाची?

वांग हानची ही ओळ. द्राक्षांची उंची दारू, अंधारात चमकणारे प्याले, ओठाला लावणार तोच घोड्यावरून पिपा या तंतुवाद्याचा घाईचा सूर. मग: *रणांगणात नशेत पडलो तर हसू नका, आजवर लढाईला गेलेल्यांतले परत आले किती?*

काहींना यात बेफिकिरी दिसते, काहींना आक्रोश. मला ती पिऊन घेण्याआधीची विनवणी वाटते. माणूस हसतो आहे, आणि हसू नका म्हणतो आहे.

स्त्रिया कुठे आहेत?

कवितेच्या अर्ध्या भागात. ली पोच्या एका गीतात राजधानी छांगआनवर एकच चंद्र आणि हजारो घरांतून कापड धोपटण्याचा आवाज येतो. सरहद्दीवर पाठवायच्या हिवाळी कपड्यांचं कापड दगडावर ठेवून लाकडी मोगरीने बडवून मऊ करत. प्रत्येक ठोका म्हणजे युमेनकडे निघालेला एक निरोप. शेवटी ती बाई विचारते: शत्रूचा बंदोबस्त कधी होईल, माझा माणूस मोहिमेवरून कधी सुटेल?

दुसऱ्या एका लहानशा कवितेत एक तरुणी फांदीवरच्या हळद्या पक्ष्याला हाकलायला सांगते: तो गायला तर माझी झोप मोडेल आणि स्वप्नात ईशान्य सरहद्दीवरच्या ल्याओशीला पोचता येणार नाही.

सर्वांत कठोर ओळी चेन ताओच्या. पाच हजार शिपाई परमुलखाच्या धुळीत पडले. *वूतिंग नदीकाठची ती हाडं अजून कुणाच्या तरी वसंतातल्या स्वप्नात माणसं आहेत.* तिला अजून कळलेलं नाही. वाचणाऱ्याला कळलं आहे. एवढंच, आणि पुढे वाचवत नाही.

या बहुतेक कविता पुरुषांनी स्त्रीच्या आवाजात लिहिल्या, हे लक्षात ठेवूनच त्या वाचायला हव्यात.

सेनापतींबद्दल कवी काय म्हणतात?

गाओ शिने ७३८ मध्ये लिहिलेल्या 'यानचं गीत' या कवितेतल्या दोन ओळी पुरेशा आहेत: *आघाडीवर निम्मे शिपाई मेले, निम्मे जगले, तंबूत सुंदऱ्या अजून गात-नाचत आहेत.* सरहद्दीवरून परतलेल्या एका माणसाच्या कवितेला उत्तर म्हणून त्याने ती लिहिली. पराभव झाकणाऱ्या एका सेनापतीवर तिचा रोख होता, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. शेवटी तिच्यातही ली क्वांगची आठवण येते.

७५५ मध्ये असं काय झालं की कविता बदलली?

सरहद्दीच्या रक्षणासाठी ज्या सेनापतीच्या हाती तीन लष्करी विभाग दिले होते, त्या आन लूशाननेच बंड केलं. ते ७६३ पर्यंत चाललं. पश्चिमेची फौज राजधानीकडे बोलावली गेली, ठाणी मोकळी पडली, आणि ७६३ मध्ये तिबेटी सैन्याने खुद्द छांगआन काही दिवस ताब्यात घेतलं. ल्यांगचौ, ज्याच्या नावाच्या धुनीवर वांग जिहुआन आणि वांग हान यांची ती गाणी रचली गेली होती, तेही गेलं.

बंडखोरांच्या ताब्यातल्या छांगआनमध्ये अडकलेल्या तू फूने ७५७ च्या वसंतात लिहिलं: राज्य मोडलं, डोंगर-नद्या आहेत. देश आणि राज्य या दोन गोष्टी एका ओळीत इतक्या स्वच्छ वेगळ्या झालेल्या मी इतरत्र वाचलेल्या नाहीत.

पुढच्या पिढीतला चांग ची लिहितो की वाळवंटापलीकडून असंख्य घंटांचा आवाज येतो. ते उंट पांढरं रेशीम घेऊन अन्शीला निघालेले असायला हवे होते. वाट परक्यांच्या हातात गेली होती. त्याच मालिकेत तो सरहद्दीच्या सेनापतींना सुनावतो: सगळ्यांनी सम्राटाची कृपा घेतली, ल्यांगचौ परत घेण्याचं नाव कोणी काढत नाही.

सुंग काळात तर अर्धा देशच गेला, आणि देशभक्त कवी हे बिरुद ज्याला खऱ्या अर्थाने शोभतं तो लू यौ (११२५ ते १२१०) तेव्हाचा. मरताना त्याने मुलांना सांगितलं: राजाची फौज उत्तरेचा मुलूख परत घेईल त्या दिवशी, घरच्या श्राद्धाला तुमच्या बापाला कळवायला विसरू नका. तो दिवस आला नाही.

या सगळ्याचा आपल्याकडे काही धागा येतो का?

दोन येतात. त्सेन शेन ज्याच्या हाताखाली ७४९ मध्ये रुजू झाला, त्या गाओ श्येनची या सेनापतीने दोनच वर्षांपूर्वी पामीर ओलांडून गिलगिटवर स्वारी केली होती.

दुसरा धागा थेट महाराष्ट्राचा. बौद्ध यात्रेकरू युआन श्वांग, ज्याला आपण ह्यूएनत्संग म्हणून ओळखतो, तो ६२९ च्या सुमारास परवान्याशिवाय युमेन नाक्याजवळून लपतछपत निघाला होता. पुढे तो पुलकेशीच्या राज्यात आला. इथले लोक उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, लढवय्ये लढाईआधी मद्य पितात, हरलेल्या सेनापतीला शिक्षा न देता बायकी कपडे देतात, असं त्याने लिहून ठेवलं आहे. वांग हानच्या कित्येक दशकं आधी, रणांगणावरच्या दारूची चिनी लेखणीतली ही नोंद आपल्या मुलखाबद्दलची आहे.

शत्रूंचं चित्रण कसं आहे?

बऱ्याचदा फक्त 'हू', म्हणजे उत्तरेकडचे आणि पश्चिमेकडचे परके लोक. त्यांना चेहरा क्वचितच मिळतो. ही या कवितेची खरी उणीव आहे. अपवाद ली छीचा: त्याच्या एका कवितेत रानबदकं रडत उडतात आणि हू मुलांच्या डोळ्यांतूनही अश्रू ओघळतात. शिवाय ती बासरी, तो पिपा, ती द्राक्षाची दारू सगळी पश्चिमेकडूनच आली होती. ज्यांच्याशी लढायचं, त्यांचीच वाद्यं कवितेत वाजतात.

सुरुवात कोणत्या कवितेपासून करावी?

मोठ्या, गाजलेल्या कवितांआधी त्सेन शेनच्या चार ओळी वाचा. ७४९ मध्ये पश्चिमेला जाताना त्याला वाटेत राजधानीकडे परतणारा दूत भेटला. ना शत्रू, ना सम्राट, ना लौलान:

*पूर्वेला घराकडे पाहतो, वाट लांबच लांब;*
*दोन्ही बाह्या भिजल्या, आसवं सुकत नाहीत.*
*घोड्यावरच भेट झाली, कागद नाही, लेखणी नाही;*
*तुम्हीच निरोप सांगा, मी बरा आहे म्हणून.*